धुकेगडचा दोष दुरुस्ती अहवाल

दोष क्र. १

पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर इवा नावाची पोरकी मुलगी तारा नावाचं सोन्याचं एक नाणं देऊन एक पाव विकत घेते. बेसिल तुस्कानो तिथेच वाचायचे थांबले.

"पुढे," मर्लिन म्हणाली.

"थांब. हा तारा सोन्याचा आहे ना?"

"हो. पुढे."

"अगं, सोनं देऊन पाव? मग पाववाली सोन्याच्या घरात राहायला हवी. इथे तर लिहिलंय, तिचं छप्पर गळतं."

"आजोबा, पुढे."

मर्लिनला कांजिण्या झाल्या होत्या. पापण्यांवरसुद्धा फोड आले होते, म्हणून चौदा दिवस शाळा, मोबाइल आणि टीव्ही सगळं बंद. तिचे आईवडील, म्हणजे मर्विन आणि ज्युली, सकाळी सातला ऑफिसला जायचे. आजी, म्हणजे अँजेलिनाबाई, वाडीतल्या केळींत अडकलेल्या. उरले बेसिल. निवृत्त माणूस म्हणजे घरातली रिकामी खुर्ची, तिच्यावर कोणीही काहीही आणून ठेवावं, असं अँजेलिनाबाईंचं मत होतं. त्यांनी 'धुकेगडची मुलं' या मालिकेचे सहा भाग त्या खुर्चीवर आणून ठेवले आणि म्हणाल्या, "हिला वाचून दाखवा. नुसतं वाचायचं."

नुसतं वाचणं बेसिलना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं होतं. दूध संस्था, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था. कामणपासून बोळिंजपर्यंत कितीतरी चिटणिसांना त्यांनी दुपारच्या जेवणाआधी घाम फोडला होता. असा माणूस पुस्तक वाचत नाही, तपासतो.

दोष क्र. २

दुसऱ्या भागात मुलांना अजगराच्या गुहेत मोजता येणार नाही इतकं सोनं दिसतं. चौथ्या भागात इवाचे बूट फाटलेले. मधल्या काळात सोने कोठे गेले, याचा खुलासा नाही.

(दोष क्र. ३ ते ६ आणि ८ ते १८ वाचकांचा वेळ वाचावा म्हणून इथे गाळले आहेत. बेसिलना हे मान्य नाही.)

दोष क्र. ७

पहिल्या भागात नाण्यांच्या हिशेबात सतरा टिकल्यांचा एक चांदवा होतो, चौथ्या भागात वीस टिकल्यांचा. दरम्यान कोणताही ठराव झाल्याचे आढळत नाही.

दोष क्र. ७ (अ)

पाचव्या भागात इवा घोडा विकत घेते. जिवंत, चार पायांचा, उडणारा घोडा. किंमत, एक तारा.

"म्हणजे घोडा आणि पाव एकाच भावात," बेसिल म्हणाले.

"ते जादूचं राज्य आहे," मर्लिन म्हणाली.

"जादू असली म्हणून काय झालं. जादूलासुद्धा व्हाउचर लागतं."

मर्लिनने चादर डोक्यावरून घेतली.

दोष क्र. १९

घरात कधीही न संपणारी भाताची हंडी असताना तिसऱ्या भागात सबंध कुटुंब उपाशी.

दोष क्र. २० ते ३१

(या पानाचं मर्लिनने विमान केलं आणि ते शेजारच्या नरहरीच्या पानवेलीत पडलं. बेसिलनी सगळं आठवून पुन्हा लिहून काढलं आणि त्यात आणखी दोन दोष सापडले.)

चौदाव्या दिवशी सहावा भाग संपला. शेवटच्या पानावर इवाचा भाऊ घुमा गारराणीच्या तुरुंगात होता. सुटकेसाठी हजार तारे मागितले होते आणि इवाच्या मुठीत एक तारा होता. खाली लिहिलेलं होतं, सातवा आणि शेवटचा भाग लवकरच.

मर्लिनने पान उलटून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं. मग तिने विचारलं, "लवकरच म्हणजे कधी?"

या पोरीने अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे कधी एक ओळ वाचली नव्हती. वर्गशिक्षिकेने दोनदा मर्विनला बोलावून घेतलं होतं. आता ती आजारातून उठली तीच पहिला भाग हातात घेऊन, आणि पापण्यांवरच्या खपल्या सांभाळत एकेका अक्षरावरून बोट फिरवत स्वतः वाचू लागली. घरातल्या सगळ्यांनी ही गोष्ट देवाची कृपा मानली. बेसिल मात्र त्रेचाळीस दोष लांबड्या कागदावर उतरवण्यात गुंतले होते.

पत्र

हेतू चांगला होता, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवं. लेखिकेला मदत व्हावी, शेवटचा भाग तरी निर्दोष निघावा, एवढीच त्यांची इच्छा. अडचण अशी की बेसिलना एकाच प्रकारचं पत्र लिहिता यायचं.

त्यांच्याकडे जुने छापील कागद उरले होते. 'बी. एस. तुस्कानो, प्रमाणित लेखापरीक्षक (निवृत्त)'. यातला 'निवृत्त' छापखानेवाल्याने इतका बारीक छापला होता की तो कागदावरचा डागच वाटे. मजकूर लिहून झाल्यावर शेवटची ओळ हाताने आपोआप लिहिली, रोझरीच्या शेवटी आमेन यावं तशी: 'वरील दोषांची दुरुस्ती करून कलम ८२ अन्वये तीन महिन्यांच्या आत नमुना ओ मध्ये दोष दुरुस्ती अहवाल सादर करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

हे कलम सहकारी संस्थांसाठी आहे. धुकेगड ही सहकारी संस्था नाही. पण हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बेसिलनी पत्र दाखवलं ते फक्त नरहरीला.

नरहरी कुंपणापलीकडे वेलींना पाणी घालत होता. त्याने पत्र वाचलं नाही, वजन करून पाहिलं. "साध्या पोष्टानं धाडू नको, बेसिल. साधं कोन वाचतं? माझ्या कुंपनाच्या केसात मी सात वर्सं साधी पत्रं लिवली. एक रजिस्टर केलं तं बिल्डर स्वतः घरी आला."

"मला कोणाला घरी बोलवायचं नाही, नरहरी."

"मंग लिवलंस कशाला?"

चर्चच्या आवारातलं वाचनालय फ्लॉईड सांभाळायचा. रविवारी मिस्सानंतर दोन तास. मालिकेचे भाग त्याच्याकडूनच आलेले, लेखिकेचा पत्ताही त्याच्याचकडे होता. लेखिका जवळच बोळिंजमध्ये राहायच्या. पत्ता लिहून देताना त्याने पाकिटाची जाडी पाहिली. "अंकल, आवडली का पुस्तकं?"

"त्रेचाळीस दोष आहेत."

"पण आवडली का?"

हा प्रश्न बेसिलना असंबद्ध वाटला.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "रजिस्टर बंद झालं काका. आता स्पीड पोस्ट."

"मला घाई नाही. मला पोच हवी आहे."

"पोच मिळेल. पण घाईने जाईल."

"सावकाश जाणारं आणि पोच देणारं काहीच नाही?"

"होतं. ते बंद झालं. आत काय आहे?"

"दोष."

"काय?"

"कागदपत्रं."

"किंमत?"

बेसिलनी थोडा विचार केला. चौदा दिवसांची मेहनत, त्रेचाळीस दोष. पण हे सगळं एका पावाच्या भावात मावतं की घोड्याच्या, हे त्यांनाच ठरवता येईना. मागची माणसं कुरकुरू लागली तसे ते पैसे भरून निघाले.

परिणाम

पोच आली. त्यानंतर पाच आठवडे काही नाही. मग एका सकाळी वाचनालयाच्या ग्रुपवर फ्लॉईडने लेखिकेची सूचना टाकली. मर्लिनने ती नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचली. आता ती अडखळत नव्हती, आणि तेच बेसिलना जास्त लागलं.

"'शासकीय लेखापरीक्षण सुरू झाल्याने धुकेगडची मुलं, भाग सात, अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात येत आहे. बालवाचकांची मनापासून क्षमा मागते.'"

मर्विनने बापाकडे पाहिलं. ज्युलीने चहाच्या कपात पाहिलं.

"लेखापरीक्षण म्हणजे," मर्लिन म्हणाली, "तुम्ही करता तेच ना?"

"ते शासकीय नव्हतं," बेसिल म्हणाले. "ते मैत्रीपूर्ण होतं."

त्यानंतर मर्लिनने त्यांच्याशी बोलणं बंद केलं. रडली असती, आपटाआपट केली असती तर समजूत घालता आली असती. पण ती फार सभ्यपणे वागली. "आजी, त्यांना सांग, जेवायला वाढलंय." हे 'त्यांना' बेसिलच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकायचं. आणि आठवड्याभरात तिने पुस्तकंही बंद केली. सहाही भाग परत नेऊन दिले. फ्लॉईडने दुसरं काही सुचवलं तर म्हणाली, "नको. अर्ध्यात राहतात."

रविवारी मिस्साला बेसिल नेहमीच्या बाकावर बसले तर मागच्या दोन रांगांतली मुलं त्यांच्या पाठीकडे पाहत होती. त्यात जॅक्सन नावाचा मुलगा होता, वेदीवर सेवा करणारा. त्याने शांतीची खूण करताना सगळ्यांशी हात मिळवले आणि बेसिलपाशी येऊन वळला. चौतीस वर्षांत त्यांच्यावर अनेक अध्यक्ष नाराज झाले होते, एकाने तर अंगावर कुत्रा सोडला होता. पण अकरा वर्षांच्या मुलाने शांती नाकारावी, हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं.

"जाऊन सांगून या त्या बाईला," अँजेलिनाबाई म्हणाल्या, "की तुम्ही कोणी नाही."

वाक्य बरोबर होतं. पण ते असं ऐकायला बरं वाटलं नाही. केळ्यांचा एक घड घेऊन ते निघाले.

बोळिंज

सोसायटीच्या गेटवर वॉचमनने मोबाइल पुढे धरला. "नाम? किधर जाना है? काम?"

माफी मागायची आहे, असं वॉचमनला कसं सांगणार? बेसिलच्या तोंडातून जुना शब्द निघाला. "ऑडिट."

पुढचं फार भराभर झालं. वॉचमनने काहीतरी दाबलं. दोन मिनिटांत अध्यक्ष बर्म्युडा घालून खाली आले, खजिनदार आले आणि लगेच वर गेले. ऑफिस उघडलं, पंखा लागला, समोसे आले. असं कळलं की या सोसायटीचं दोन वर्षांचं ऑडिट राहिलं होतं आणि नोटीस केव्हाची येऊन पडली होती.

"मी त्यासाठी आलेलो नाही," बेसिल म्हणाले.

"नाही नाही साहेब, आरामात," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीची, फाइल समोर ठेवली.

आता इथे एका माणसाच्या चारित्र्याची परीक्षा होती आणि तो नापास झाला, हे सांगून टाकलेलं बरं. फाइल उघडी होती. आकडा चुकलेला होता. तो इतक्या उघडपणे चुकला होता की त्याकडे पाहून डोळे मिटणं म्हणजे रस्त्यात पडलेल्या माणसाला ओलांडून जाणं. बेसिलनी फक्त एक पान पाहायचं ठरवलं. पावणेदोन तासांनी दार उघडलं आणि चिटणीसबाई कामावरून आल्या. चाळिशीच्या, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर दोन महिन्यांची झोप थकीत.

"सलोनीमॅडम," अध्यक्ष म्हणाले, "हे तुस्कानोसाहेब."

सलोनीबाईंनी बॅग खाली ठेवली. "घरचं झालं, आता सोसायटीचंही?"

बेसिल उभे राहिले. धुकेगड लिहिणाऱ्या बाई आणि या सोसायटीच्या चिटणीस एकच होत्या. तेव्हाच त्यांना समजलं, की आपल्या त्या शेवटच्या ओळीचा अर्थ या बाईंना जगात सगळ्यात नीट कळत असणार.

त्यांनी सगळं सांगितलं. कांजिण्या, पापण्या, पाव, छापखानेवाला. मध्ये केळी पुढे केली.

"तुम्ही निवृत्त आहात?" सलोनीबाईंनी विचारलं.

"कागदावर आहे तसं. बारीक."

"साहेब, मी कलम ब्याऐंशी वाचलं. तीनदा वाचलं. पुस्तकांना लागू नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही."

"लिहायची गरज वाटली नसेल."

"दोन महिने मी ऑफिसातून आल्यावर, छापलेले भागसुद्धा खोडून, धुकेगडचे हिशेब करतेय. पाव एका टिकलीला केला. घोडा तीनशे ताऱ्यांना केला, तर तो इवाला परवडेना, म्हणून पाचवा भाग सगळा पायी चालवला. अजगराचं सोनं मुलांनी घेतलं असं लिहिलं. मग पुढे काय होतं माहितीय? इवाकडे बाराशे तारे जमतात. ती तुरुंगाच्या दारात जाते, हजार भरते, भावाला घेऊन घरी येते. सातवा भाग चार पानांत संपतो."

"दोनशे शिल्लक राहतात," बेसिल म्हणाले. त्यांना ते चांगलं वाटलं होतं.

सलोनीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की अध्यक्षांनी समोसा खाली ठेवला.

"काका," त्या म्हणाल्या, आणि साहेबाचा काका झाला तिथे बेसिलना आपली पायरी कळली, "भाव चुकलेत म्हणून गोष्ट चालते. ते चुकलेले भाव बरोबर का आहेत, हे मला सांगता येत नाही, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून मला पुढे लिहिता येत नाही. दोष तुम्ही काढलेत. दुरुस्ती अहवाल आता तुम्ही लिहा. एकही भाव न बदलता."

"लेखापरीक्षकाने स्वतः दुरुस्ती अहवाल लिहायचा नसतो. तत्त्वाला धरून नाही."

"मग ते मुलांना तुम्ही समजावून सांगा."

बेसिलना जॅक्सनचा वळलेला हात दिसला. "नमुना ओ चालेल?" त्यांनी विचारलं.

नमुना ओ

तीन दिवस कागद कोरा. इकडे दोष, तिकडे खुलासा, असे दोन रकाने आखून बेसिल ओट्यावर बसलेले. चौतीस वर्षं त्यांनी डावा रकाना भरला होता. उजव्या रकान्यात काय यातना असतात हे त्यांना आत्ता कळलं. कुत्रा सोडणाऱ्या त्या अध्यक्षाबद्दलसुद्धा थोडं वाईट वाटलं.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला अँजेलिनाबाई केळी विकत होत्या. नव्या इमारतीतली एक बाई आली, साठ रुपये डझनाने घेऊन गेली. नरहरीची बायको सावित्री आली, दोन फण्या घेऊन तशीच गेली. मर्विनची मावशी लविना आली, साठ रुपये मोजून दिले आणि वर सहा केळी हक्काने उचलली. मग वरच्या आळीतला जॉन आला, त्याला ऐंशी.

बेसिलची मान आपोआप वर झाली. "ऐंशी का?"

"त्याच्या बापाने बांध सरकवला होता."

"तो गेला. बारा वर्षं झाली."

"बांध कुठे परत आला?"

"आणि सावित्रीला फुकट?"

"फुकट कसं? सुंठीचा काढा कोणी आणला मर्लिनला? लिहून ठेवते का मी?" अँजेलिनाबाईंनी फणीतलं एक काळं केळं तोडून बाजूला ठेवलं. "तुमचं काय अडलंय एवढं?"

"पाव एका ताऱ्याला का, ते."

"ते होय. ती पाववाली इवाकडून जास्त घेते कारण इवाच्या मामाने पाववालीच्या बापाची विहीर बुजवली. पहिल्याच पुस्तकात आहे."

"तू कधी वाचलंस?" बेसिलनी विचारलं.

"एवढ्या मोठ्याने वाचत होतात," त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. तुम्ही थांबलात की पुढचं ऐकायला मिळायचं नाही, एवढाच त्रास."

"घोडा?"

"घोडेवाल्याला इवाच्या आईने लहानपणी सांभाळलं होतं. तो एक ताराही घेत नव्हता, तिनेच दिला. नाही तर उद्या त्याने बोलून दाखवलं असतं."

"हंडी असून उपाशी?"

"हंडी घरातच, पण मावशीची ना? मावशीशी बोलणं बंद होतं. मेले असते, पण हंडी मागायला गेले नसते. तुम्ही आणि तुमची बहीण एका पाट्या-वरवंट्यावरून सात वर्षं बोलत नव्हतात. आम्ही मिक्सर घेतला."

बेसिलनी ते लिहिलं. पाट्याचा भाग सोडून.

"अजगराचं सोनं का घेतलं नाही?"

या प्रश्नावर मात्र अँजेलिनाबाईंनी हातातलं काम थांबवलं. त्यांनी मागच्या वाडीकडे बोट दाखवलं. तिथे एक कुलूपबंद घर होतं, माणसं वीस वर्षं कॅनडात. "त्यांच्या माडांचे नारळ खाली पडून कुजतात दर वर्षी. आणलेत कधी?"

"आपले नाहीत ते."

"मग लिहा तसं."

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीसपैकी बेचाळीस दोष दूर झाले. टिकल्यांच्या सतरा आणि वीसचा खुलासासुद्धा निघाला. मोजणारा कोणत्या आळीतला, त्यावर ते ठरत होतं. नोकरीत असताना पस्तीस संस्था बेसिलनी एका फटक्यात नापास केल्या होत्या, आणि ज्या ओट्यावर बसून त्यांचं आयुष्य गेलं तिथे चार गिऱ्हाइकांना चार भाव होते, पावती एकाचीही नव्हती, आणि चाळीस वर्षं घर चाललं होतं.

त्रेचाळिसावा दोष उरला: एका ताऱ्यात हजाराची सुटका कशी होणार? अँजेलिनाबाई म्हणाल्या, "ते मला नाही ठाऊक. ते ती बाई सांगेल. नाही तर पुस्तक कशाला हवं?"

खुलासा म्हणून बेसिलनी लिहिलं, 'प्रलंबित.' चौतीस वर्षांत हा शब्द त्यांनी एकदाही मान्य केला नव्हता.

पूर्तता

अहवाल सलोनीबाईंना पोचल्यावर साडेतीन महिन्यांनी सातवा भाग निघाला. लेखिकेने गास गावी, तुस्कानोंच्या घरी, एक प्रत पाठवली. पाकिटावर नाव होतं, कु. मर्लिन तुस्कानो. बेसिलनी पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं, आपलंही नाव कुठे बारीक छापलंय का ते पाहिलं आणि मर्लिनच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून दिलं.

मर्लिन दीड दिवस बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती मजेत होती. मग दारात मुलांची रीघ लागली. जॅक्सन पुस्तक घेऊन गेला, सोमवारी परत आणलं, त्याच्या बहिणीने नेलं, बुधवारी परत आलं. नव्या इमारतीतली मुलगी दहा रुपये देऊन घेऊन गेली. बेसिल ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. घुमा सुटला की नाही, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघून हसायची. फ्लॉईडकडे चौकशी केली तर तो म्हणाला, "अंकल, वाचनालयाच्या प्रतीला चोवीस जणांची यादी आहे. नाव लिहू?"

एका ताऱ्यात हजार. त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. व्याज धरलं, तारण धरलं, जामीनदार धरला. बसत नव्हतं. रात्री कूस बदलताना अँजेलिनाबाई म्हणायच्या, "आता काय?" आणि ते म्हणायचे, "काही नाही. घुमा."

अखेर शनिवारी दुपारी ते मर्लिनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ती जमिनीवर पालथी पडून पुस्तक पुन्हा वाचत होती.

"झालं की मला देशील?" त्यांनी विचारलं.

मर्लिनने पान उलटलं. मग मान वर न करता, चार महिन्यांत पहिल्यांदा, ती थेट त्यांच्याशी बोलली.

"पन्नास रुपये."

"जॅक्सनला फुकट दिलंस."

"जॅक्सनने घुमाला तुरुंगात जास्त दिवस ठेवलं नव्हतं."

"त्या नव्या इमारतीतल्या मुलीला दहा."

"ती नवीन आहे." मर्लिनने आता मान वर केली. "आणि वाचताना मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर साठ."

बेसिल तुस्कानोंनी खिशातून पन्नासची नोट काढली, तिच्या हातावर ठेवली आणि पुस्तक घेऊन ओट्यावर गेले. पावती मागितली नाही.